पंपाची घरघर, फोन आणि 96 चा सुळका

आमच्या सोसायटीत सकाळी पाण्याचा पंप लागला की बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूम घुमायला लागायच्या. आवाज म्हणावा तर धड आवाज नाही, उशीवर कान टेकला की जास्त, उठून बसलं की कमी, आणि शोकेसमधले ग्लास एकमेकांना चिकटून ठेवलेले असतील तर बारीक किणकिण. हे सगळं पंपाची मोटर जळून रिवाइंड करून आणली तेव्हापासूनचं. ज्याने ती परत बसवली त्याचं म्हणणं, मोटर म्हटल्यावर आवाज येणारच, आणि फारच त्रास होत असेल तर नवीन पंपाचं कोटेशन देतो. मी कमिटीत खजिनदार, त्यामुळे कोटेशन हा शब्द ऐकला की माझी झोप पंपाशिवायच उडते.

माझा भाचा चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत एनव्हीएच डिपार्टमेंटला आहे, म्हणजे गाडीत बसल्यावर जे जे काही हादरतं, खडखडतं, घुमतं ते शोधून काढायचं, हाच त्याचा पगार. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आत्या, थरथर कुठून येते ते नंतर बघू, आधी ती सेकंदाला किती वेळा येते ते सांग. आकडा कळला की निम्मं काम झालं." मी कॉमर्सवाली, पण आकड्याचं काम म्हटल्यावर मला बरं वाटलं.

तर पहिला आकडा नेमप्लेटवर असतो. आमचा पंप 3 एचपी, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या 2880. याला 60 ने भागायचं, 48 आले. म्हणजे शाफ्ट, मोटरच्या मधला फिरता दांडा, सेकंदाला 48 फेऱ्या मारतो, 48 हर्ट्झ. आपल्याकडे लाइट 50 हर्ट्झची, अशा मोटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 ने फिरतं आणि लोड आल्यावर मोटर त्याच्या जरा मागे राहते म्हणून 2880. आता गंमत अशी की या एका आकड्यावरून बाकीचे आकडे आपोआप मिळतात. फिरणाऱ्या भागात वजन एका बाजूला जास्त असेल तर थरथर दर फेरीला एकदा, म्हणजे 48 वर. मोटरचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत नसतील तर बहुतेक वेळा दर फेरीला दोनदा, म्हणजे 96 वर. आणि मोटरच्या आतली विजेची भुणभुण असेल तर ती लाइटच्या दुप्पट, 100 वर. हे शंभर टक्के नियम नाहीत, पण संशयित कोण ते कळतं.

मोजायला भाच्याने फायफॉक्स नावाचं अ‍ॅप सांगितलं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रवाल्यांनी 2016 मध्ये आणलेलं, फुकट आणि जाहिराती नाहीत. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती ज्या सेन्सरमुळे, तोच सेन्सर हे वापरतं. त्यात अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम नावाचा पर्याय आहे, तो लावून फोन ठेवला की आलेख येतो आणि ज्या हर्ट्झवर थरथर आहे तिथे सुळका उभा राहतो. फोनचं रबरी कव्हर मात्र काढायचं, ते बारीक थरथर खाऊन टाकतं. फोन सपाट जागी, नीट टेकलेला, जमलं तर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवलेला. आणि कपलिंगजवळ, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या फिरत्या भागाजवळ, अजिबात नाही, ओढणी-बिढणी खोचून मगच पंपरूममध्ये जायचं, हे भाच्याने नाही, आमच्या फिटरमामांनी सांगितलं.

एक भानगड इथेच सांगते. फोन सेकंदाला जितक्या वेळा मोजतो त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतच खरं दिसतं. माझा फोन सेकंदाला साधारण 400 वेळा मोजतो, म्हणजे 200 हर्ट्झपर्यंत ठीक. शेजारच्या काकांनी उत्साहाने त्यांचा जुना फोन आणून ठेवला, तो 100 वेळाच मोजणारा, आणि त्याच्यावर 4 हर्ट्झला छोटासा सुळका! पंपात 4 ने हलणारं काहीच नाही. तो होता 96 चाच, पण 100 च्या मोजणीत तो घडी पडून 4 वर दिसत होता. त्यामुळे कुणी फोनवरचा आलेख दाखवला तर आधी सेन्सरचा वेग विचारावा, मग चर्चा करावी.

पंपाच्या बॉडीवर फोन लावला तर 48 वर लहान सुळका आणि 96 वर हा एवढा मोठा. पण 96 आणि 100 शेजारी शेजारी, त्यातला नेमका कोणता हे ठरवायला भाच्याने दोन युक्त्या सांगितल्या. एक, रेकॉर्डिंग जरा जास्त वेळ करायचं, जितकं लांब तितके सुळके बारीक होतात आणि जवळचे दोन वेगळे दिसतात. दुसरी मला जास्त आवडली, पंप चालू असताना स्विच बंद करून बघायचं. वीज गेली की विजेची थरथर त्याच क्षणी मरते, पण फिरण्यातून येणारी थरथर मोटर मंदावेल तशी खाली खाली घसरत जाते. आमची घसरत गेली. म्हणजे रिवाइंडिंगमध्ये दोष नव्हता, आणि इतके दिवस मी मनात त्या रिवाइंडिंगवाल्यालाच नावं ठेवत होते.

मग किती आहे हा प्रश्न. 96 चा सुळका 3 मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवत होता, पण यंत्राच्या थरथरीचे जे ठरलेले आकडे आहेत ते वेगाचे असतात, मिलीमीटर प्रति सेकंदमध्ये. बदलायचं गणित सोपं, हर्ट्झला 6.28 ने गुणायचं आणि त्याने भागायचं. 96 गुणिले 6.28 म्हणजे 603, आणि 3 भागिले 603 म्हणजे सुमारे 5 मिलीमीटर प्रति सेकंद, हा झाला टोकाचा आकडा, आरएमएस म्हणजे एक प्रकारची सरासरी काढायला 1.41 ने भागा, साधारण 3.5. आयएसओ 10816 नावाच्या जुन्या स्टँडर्डमध्ये (2016 मध्ये त्याच्या या भागाची जागा आयएसओ 20816 ने घेतली) 15 किलोवॅटपर्यंतच्या छोट्या यंत्रांना 0.71 पर्यंत उत्तम, 1.8 पर्यंत चालेल, 4.5 पर्यंत फार दिवस असं चालवू नका आणि त्यापुढे बंद करा, अशी पट्टी होती. आमचा पंप तिसऱ्या खणात. फोन काही कॅलिब्रेट केलेलं यंत्र नाही, त्यामुळे 3.5 की 3.2 यावर भांडण्यात अर्थ नाही, पण आधी किती आणि नंतर किती हे त्याच फोनने त्याच जागी मोजलं तर फरक खरा कळतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

आता मामांचं काम. हे फिटरमामा भोसरीला आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम करून आता सुटी कामं घेतात. आले आणि आलेख-बिलेख न बघता लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाच्या हाडावर ठेवून ऐकलं, मग बॅटरी मारून कपलिंगच्या खाली बघितलं. बेसवर काळी भुकटी पडली होती. "ताई, हे बघा, स्पायडर खातंय." कपलिंग लव्हजॉय टाइपचं, दोन लोखंडी पंजे आणि मधे रबराचा चांदणीसारखा तुकडा, त्यालाच स्पायडर म्हणतात. शाफ्ट सरळ रेषेत असतील तर रबर वर्षानुवर्षं टिकतं, नसतील तर दर फेरीला ते पिळवटतं, घासतं आणि असं पीठ पडतं. फोनवरचा 96 आणि ही भुकटी, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. मामांना ती फोनशिवाय कळली हेही खरं, पण कमिटीच्या मीटिंगमध्ये भुकटी दाखवून पैसे मंजूर होत नाहीत, आलेख दाखवून होतात.

काम सुरू करायच्या आधी मामांनी स्टार्टरच्या पॅनलमधले किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले. मला ही पद्धत फार आवडली, बोर्डावर पाटी लावण्यापेक्षा कितीतरी भारी, कारण खिशातला फ्यूज दुसरा कुणी लावू शकत नाही.

मला वाटलं होतं आता लगेच कपलिंग सरळ करतील. नाही. आधी त्यांनी डायल गेज, म्हणजे मिलीमीटरचे शतांश काट्याने दाखवणारं मापक, मॅग्नेटवर उभं केलं, त्याचा दांडा मोटरच्या एका पायावर टेकवला आणि त्या पायाचा बोल्ट पान्याने सैल केला. काटा हलला नाही. बोल्ट परत कसला, दुसरा पाय, तिथेही काही नाही. तिसऱ्या पायाचा बोल्ट ढिला करताच काटा सरसर वर गेला आणि 0.30 वर थांबला. म्हणजे तो पाय मुळात बेसला टेकलेलाच नव्हता, बोल्टने आवळून आवळून खाली आणला होता, आणि तो आवळला की अख्ख्या मोटरची बॉडी पिळली जात होती. याला सॉफ्ट फूट म्हणतात हे मला भाच्याने नंतर सांगितलं, मामा म्हणाले "एक पाय लंगडा आहे." मग शिमच्या, म्हणजे फटीत भरायच्या पातळ पत्र्यातून कात्रीने इंग्रजी यू आकाराचा तुकडा कापला, कडा बोटाने चाचपून कानसने घासल्या, बोल्ट न काढता नुसता सैल करून आत सरकवला, परत कसला, परत सैल केला, काटा आता जेमतेम हलत होता. हे आधी करायचं कारण असं की लंगडा पाय तसाच ठेवून कपलिंग सरळ केलं तर शेवटचा बोल्ट कसताना सगळं पुन्हा वाकडं होतं, आणि बसवणारा म्हणतो की मी तर सरळ केलं होतं.

मग कपलिंग. डायल एका पंजावर बांधलं, दांडा दुसऱ्याच्या कडेवर, आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा. वर शून्य, खाली 0.60. मी लगेच म्हटलं बापरे, पॉइंट सहाचा फरक, तर मामा म्हणाले, "निम्मा धरायचा ताई, डायल दोन्हीकडून मोजतंय." बरोबरच आहे, फिरताना एकदा इकडून आणि एकदा तिकडून तोच फरक मोजला जातो, म्हणजे मोटर खरी खाली होती 0.30 ने. चारही पायांखाली 0.30 चा शिम. आडवी रेष पट्टी लावून आणि मोटरला हातोडीच्या लाकडी मुठीने टकटक करून जुळवली. नवीन स्पायडर घातला, फ्यूज खिशातून बाहेर आले.

96 चा सुळका 3 वरून 0.8 वर. वेगात साधारण 0.9 आरएमएस, म्हणजे दुसऱ्या खणात. मला खरं सांगायचं तर एवढा फरक अपेक्षित नव्हता.

पण बेडरूम अजून घुमत होती. आधीपेक्षा खूप कमी, शोकेसचे ग्लास गप्प, पण पहाटेच्या शांततेत उशीवर कान ठेवला की आहेच. इथे लोकांनी रबर पॅडचा आग्रह धरला, पंपाखाली रबर घाला, सगळे घालतात. एकाने दुकानातून चार पॅड आणूनही दिले, काळे, कडक, बोटभर जाडीचे. भाच्याला फोटो पाठवला तर त्याने उलट विचारलं, पंप ठेवल्यावर हे किती दबतील? मी म्हटलं हे कसले दबतायत, हे टायरपेक्षा कडक आहेत. तर त्याचं गणित असं की पॅड वजनाने जितके मिलीमीटर दबतो त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 15.8 ला त्याने भागायचं, म्हणजे त्या पॅडवर ठेवलेलं यंत्र स्वतःहून किती हर्ट्झने डुलेल ते मिळतं. 1 मिलीमीटर दबला तर 16 च्या आसपास. 0.1 दबला तर 50! आणि पंप फिरतो 48 ने. म्हणजे हा कडक पॅड घातला असता तर पंप बरोबर त्याच्या आवडीच्या तालावर बसला असता आणि थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढली असती. पॅडचा उपयोग व्हायला यंत्राचा आकडा पॅडच्या आकड्याच्या किमान दीडपट तरी हवा, तिप्पट असेल तर चांगलं, दीडपटीपेक्षा कमी असेल तर रबर म्हणजे पैसे देऊन दुखणं. आणि मऊ पॅड घातला तर पंप डुलणार, मग पाइपला रबरी बेलो म्हणजे लवचिक जोड लागणार, नाहीतर सगळा ताण फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या बोल्टच्या सांध्यावर. शिवाय थरथर जमिनीतून जातच नव्हती. पंपरूमच्या फरशीवर फोन ठेवला तर जवळपास काही नाही, आणि वर जाणाऱ्या पाइपवर टेपने बांधला तर भरपूर. ते पॅड दुकानात परत केले, दुकानदाराने तोंड वाकडं केलं पण घेतले.

पुढचा धागा दिला आमच्या समोरच्या काकूंनी. त्या म्हणाल्या, "अगं चालू असताना तेवढं नाही जाणवत आता, पण बंद होताना एकदा जोरात घुमतं आणि मग थांबतं." मी तेच वाक्य जसंच्या तसं भाच्याला सांगितलं आणि तो फोनवर अक्षरशः ओरडला. बंद होताना मोटर मंदावते, 96 चा आकडा खाली घसरत जातो, 95, 94, 93, आणि वाटेत कुठेतरी एक जागा अशी येते की जिथे काहीतरी त्याला साथ देतं आणि घुमतं. म्हणजे वर काहीतरी आहे ज्याची स्वतःची नैसर्गिक थरथर 96 च्या जरा खाली आहे. चालू असताना पंप त्याच्या अगदी शेजारी उभा, म्हणून थोडं घुमतं, आणि बंद होताना थेट त्याच्यावरून जातो म्हणून जोरात.

ते काहीतरी म्हणजे पाइप, हे मला तोवर कळलंच होतं. आमच्या बेडरूमच्या भिंतीला लागून डक्ट आहे, त्यातून दोन इंची जीआय पाइप वर टाकीकडे जातो आणि प्रत्येक मजल्यावर एकेक लोखंडी क्लॅम्प, मधे 3 मीटर पाइप मोकळा. पंप बंद असताना फोन पाइपला बांधला आणि रबरी हातोडीने एक टोला दिला. पाइपला टोला दिला की तो स्वतःच्या आकड्याने वाजतो, पंपाचा काही संबंध नाही. पाइपच्या बरोबर मध्यावर मारला तेव्हा सुळका 30 च्या थोडा वर. मी निराश. भाचा म्हणाला मध्यावर नको मारू, पाव लांबीवर मार आणि फोनही तिकडेच बांध. मारला, आणि 92 वर दुसरा सुळका उभा राहिला.

याचं कारण मला कागदावर रेघा काढल्यावर कळलं. एवढा लांब पाइप एकाच पद्धतीने हलत नाही. पहिली पद्धत म्हणजे मधे पोट येतं. दुसरी म्हणजे अर्धा पाइप इकडे वाकतो तेव्हा अर्धा तिकडे, आणि नेमका मधला बिंदू जागचा हलत नाही. आमचा 92 हा दुसऱ्या पद्धतीचा, म्हणून मध्यावर मारून तो जागाच होत नव्हता. आणि याचा पुढचा अर्थ फार उपयोगी निघाला, कारण मामांचा आणि माझाही विचार होता की मधोमध एक क्लॅम्प वाढवावा, डोळ्याला तेच बरोबर दिसतं. पण जो बिंदू मुळात हलतच नाही तिथे पाइप पकडून उपयोग काय? क्लॅम्प घातला खालून साधारण 90 सेंटीमीटरवर, जिथे पाइप सर्वांत जास्त लवत होता. क्लॅम्प आणि पाइपच्या मधे रबराची पट्टी, म्हणजे जी काही थरथर उरेल ती थेट भिंतीत जाऊ नये. मजल्यावरच्या जुन्या क्लॅम्पमध्येही तीच पट्टी घातली.

दुसरा मार्गही होता, पाइपला वजन बांधायचं. वजन वाढलं की आकडा खाली येतो. आपल्या तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई असते ती हेच काम करते, त्या वजनानेच तबल्याचे वरचे सूर सुरेल रांगेत येतात, नाहीतर साध्या ताणलेल्या कातड्याचे येत नाहीत. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये आपल्या तालवाद्यांवर यासाठी खास निबंध लिहिला होता. पण पाइपला दगड बांधलेला दिसला असता तर सोसायटीत अजून एक मीटिंग झाली असती, म्हणून क्लॅम्पच बरा.

नंतर टोला देऊन बघितलं, 92 गायब, 60 ते 70 च्या मधे एक बारीक सुळका, म्हणजे 48 पासूनही लांब आणि 96 पासूनही. पंप चालू केला, काकूंना बेडरूममध्ये उभं केलं, बंद केला. काकू म्हणाल्या, "लावलास का?"

हे सगळं झाल्यावर मला जरा नादच लागला हे कबूल. हॉलचा पंखा फुल स्पीडला डुलायचा, तिथे फोन वर चढवायची गरज नाही, पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो म्हणजे सेकंदाला सहापेक्षा थोडा कमी, डोळ्याने दिसतं. एका पात्यावर मधे टेपने रुपयाचं नाणं चिकटवायचं, चालवून बघायचं, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. ज्या पात्यावर डुलणं कमी झालं त्याच्यावर नाणं पुढे मागे सरकवून जागा नक्की करायची, पात्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे खालून दिसत नाही. टेप चांगली लावा, उडालेलं नाणं लागतं. वॉशिंग मशीनला मात्र नाण्याने काही होत नाही, तिथे चारही पाय टेकलेत का ते बघायचं आणि एकटी जाड चादर स्पिनला लावायची नाही. मशीन वेग घेताना एका टप्प्यावर जोरात हादरतं आणि पुढे शांत होतं ते बिघाड नाही, ते स्वतःच्या आकड्यावरून पुढे जातंय. तिथेच अडकून हादरत राहिलं तर बघा.

फोनने काय होत नाही तेही सांगायला हवं. आमच्या स्टँडबाय पंपाच्या मोटरमध्ये 6205 नंबरचं बेअरिंग आहे, त्यात 9 गोळ्या. बाहेरच्या कड्यावर चरा पडला तर दर फेरीला 3.58 ठोके, म्हणजे 2880 ला सुमारे 172 हर्ट्झ. माझ्या फोनच्या काठावरचं, आणि सुरुवातीचा बारीक चरा तर याच्या कितीतरी वर, हजारो हर्ट्झमध्ये वाजतो, तिथे हा सेन्सर आंधळा. फोनचा माइक तेवढं ऐकू शकतो पण पंपरूममध्ये पाण्याचा एवढा आवाज की त्यातून काही वेगळं निघत नाही. मामांनी मात्र स्क्रू-ड्रायव्हर लावून त्या बेअरिंगला "वाळू चावल्यासारखं" म्हणून नाव ठेवलं, माझ्या आलेखात तेव्हा काहीच दिसत नव्हतं. मी त्यांच्या कानावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

आता पंपरूमच्या रजिस्टरमध्ये वॉचमनच्या वेळेच्या रकान्याशेजारी मी अजून दोन रकाने आखलेत, 48 आणि 96. महिन्यातून एकदा फोन त्याच जागी, तिथे ऑइलपेंटने चौकोन काढून ठेवलाय, म्हणजे मी नसले तरी दुसरा कुणी तिथेच ठेवेल. नवीन पंपाचं कोटेशन फायलीत पडून आहे. पुढच्या मीटिंगला फक्त दोन बेअरिंग आणि मामांची मजुरी मंजूर करून घ्यायची आहे, आणि या वेळी दाखवायला माझ्याकडे आलेख नाही, म्हणून मामांनाच मीटिंगला बोलावलंय, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन.